विज्ञानमालिकांचा मुक्त लेखक जगतो कशावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत वेगळ्या वाटेच्या करिअरविषयी लेख आला होता. त्यात अमेरिकी विज्ञानमालिकांसाठी लिहिणाऱ्या मुक्त पटकथालेखकाचे वर्णन ‘कल्पनाशक्तीवर पोट भरणारा’ असे केले आहे. वाक्य झोकदार आहे, पण या वाटेला जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींची त्याने दिशाभूल होईल. त्या धंद्यात नुसत्या कल्पनेला दमडी मिळत नाही. ठरलेल्या टप्प्यावर, ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या माणसाच्या हाती दिलेल्या कागदाला पैसे मिळतात. हा कागद कसा तयार होतो आणि कुठे अडतो, याचा लेखात उल्लेखच नव्हता, म्हणून हे लांबलेले पत्र.

आधी कायदा. ‘माणूस काळात मागे जातो आणि स्वतःच्याच आजोबांसमोर उभा राहतो’ ही कल्पना कुणाच्या मालकीची नसते. कॉपीराइट मिळतो तो लिहिलेल्या मांडणीला. कल्पनेवर हक्क नाही, तरी तिच्यावरून खटले मात्र होतात. त्यामुळे निर्मितीसंस्था अनोळखी माणसाने पाठवलेल्या पटकथेचे पाकीट उघडतही नाहीत, तसेच परत पाठवतात. वाचले आणि पुढे त्यांच्याच लेखकांनी तशा वळणाचा भाग केला तर कोर्टाची पायरी चढावी लागेल, ही त्यांची भीती. ती पोकळ नाही. हार्लन एलिसन आणि बेन बोव्हा या अमेरिकी विज्ञानकथालेखकांनी यंत्रपोलिसाच्या आपल्या कथेवरून एबीसी ही वाहिनी आणि पॅरामाउंट हा स्टुडिओ यांच्यावर दावा लावला होता. १९८० मध्ये त्यांना ३ लाख ३७ हजार डॉलर मंजूर झाले. त्यांची कथा १९७० सालीच छापून आलेली होती, म्हणजे दावा नुसत्या कल्पनेवर नव्हता, हे विसरून चालणार नाही.

हस्तलिखित स्वतःच्याच पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवून पाकीट न फोडता ठेवायचे, हा सल्ला अजून फिरतो. त्याचा काडीचा उपयोग नाही. अमेरिकी लेखकाला तिथल्या कोर्टात कॉपीराइटचा दावा लावायचा तर आधी कॉपीराइट कार्यालयात नोंदणी लागते. रायटर्स गिल्ड या अमेरिकी पटकथालेखकांच्या संघटनेच्या पश्चिम विभागाकडे होणारी नोंदणी वेगळी. ती पाच वर्षे टिकते आणि अमुक तारखेला हा मजकूर अस्तित्वात होता, एवढेच सिद्ध करते.

मग नवा माणूस आत शिरतो कसा? एजंटामार्फत, नाहीतर संस्थेच्या हमीपत्रावर सही करून. ‘तुमच्याकडे असाच विषय आधीपासून असेल तर मी दावा करणार नाही’ अशा अर्थाचे ते पत्र असते. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या अंतराळमालिकेच्या तिसऱ्या हंगामात, म्हणजे १९८९ मध्ये, मायकेल पिलर यांनी लेखनविभागाची सूत्रे घेतली आणि अशा हमीपत्रावर कुणाचीही पटकथा वाचायची प्रथा सुरू केली. वर्षाला हजारो पटकथा येत. साचलेल्या ढिगातून त्यांनी रोनाल्ड मूर या नवख्याची पटकथा उचलली. मूर पुढे त्याच मालिकेचे पगारी लेखक झाले. ही हकिकत सगळे सांगतात. मात्र अशी दारे मोठ्या मालिकांच्या इतिहासात क्वचितच उघडली आणि आज जवळजवळ बंद आहेत, हे सांगायचे राहून जाते.

वाचायला दिलेली पटकथा हा नमुना असतो. ती विकली जाईल, अशी अपेक्षा ठेवू नये. पूर्वी चालू मालिकेचा एक काल्पनिक भाग लिहून नमुना म्हणून देत. त्यातही जाणकार सांगत, की ज्या मालिकेचा भाग लिहिला त्याच मालिकेला तो दाखवू नका. तिथल्या लोकांना आपली पात्रे इतकी पाठ असतात, की एखादे वाक्य जरी त्यांच्या तोंडी न शोभणारे निघाले तरी ते खटकते. आता बहुतेकांना स्वतंत्र मालिकेचा पहिला भाग वाचायचा असतो. नमुना आवडला तर बोलावणे येते आणि चार-पाच गोष्टी तोंडी सांगायच्या असतात. त्याला पिच म्हणतात. एका गोष्टीला दोन-तीन मिनिटे. कोण, त्याला काय हवे, काय आडवे येते आणि शेवटी त्याला कशावर पाणी सोडावे लागते, एवढ्यात गोष्ट उभी राहिली पाहिजे. इथे सर्वाधिक ऐकू येणारे उत्तर म्हणजे ‘हे आम्ही करतोच आहोत’. ते बहुधा खरे असते, कारण हंगामाची आखणी कित्येक महिने आधी झालेली असते. त्यावर वाद घालू नये, सरळ दुसरी गोष्ट काढावी.

बाहेरून येणाऱ्या लेखकाची ठरलेली चूक म्हणजे पाहुण्या पात्राला नायक करणे. समजा गोष्ट अशी आहे : दूरच्या ग्रहावरची वृद्ध शास्त्रज्ञ वीस वर्षांचे संशोधन स्वतःच्या हाताने नष्ट करते, कारण त्यातून शस्त्र होणार हे तिला कळलेले असते. कथा म्हणून उत्तम आहे, पण मालिकेचा भाग म्हणून निकामी. निर्णय तिचा, किंमतही तीच मोजते. यानाचा कॅप्टन नुसता बघत उभा आहे, आणि प्रेक्षक दर आठवड्याला येतो तो कॅप्टनसाठी. आता एकच गोष्ट फिरवा. प्रयोगशाळा नष्ट करायचा अधिकार फक्त कॅप्टनकडे आहे, आणि त्याच संशोधनावर त्याच्या आजारी सहकाऱ्याचा जीव अवलंबून आहे. शास्त्रज्ञबाई विनंती करतात, हुकूम कॅप्टनने द्यायचा आहे. बाई, ग्रह, शोध सगळे तेच राहिले, पण भाग विकण्याजोगा झाला. याउलट कॅप्टनला मारणे, त्याचे लग्न लावणे, यान बुडवणे हे बाहेरच्या लेखकाच्या अखत्यारीत येत नाही. भाग संपताना पात्रे पुढच्या भागाला मोकळी हवीत आणि तरी काही घडल्यासारखे वाटले पाहिजे. मुक्त लेखनातली खरी कसरत ही आहे.

गोष्ट पसंत पडली की टप्पे सुरू होतात. आधी प्रसंगवार आराखडा, साधारण दहा-पंधरा पानांचा. त्यानंतर करारात एक फाटा असतो : संस्था गोष्टीचे पैसे चुकते करून तुम्हाला नारळ देऊ शकते आणि पटकथा दुसऱ्याकडून लिहून घेऊ शकते. पुढे गेलात तर पहिला खर्डा, त्यावर नोट्स म्हणजे संस्थेच्या सूचना, दुसरा खर्डा, शेवटचा हात. पहिल्या खर्ड्याला बहुधा दोनेक आठवडे मिळतात. गिल्डच्या करारात कागद कुणाच्या हाती द्यायचा त्या माणसाचे नाव असते. त्याला दिला तरच ‘दिला’ असे धरतात, आणि तिथून सात दिवसांच्या आत पैसे यायला हवेत. साहाय्यकाला पाठवलेला, ‘जरा बघून सांगा’ म्हणून दिलेला खर्डा या हिशेबात बसत नाही. फुकटच्या फेऱ्या इथेच सुरू होतात. अधिकृत खर्डा जाण्याआधी तीन-चार वेळा ‘एकदा नजर फिरवून द्या’ म्हणतात, आणि नवा लेखक भिडेखातर देतो. प्रत्येक प्रतीवर तारीख आणि खर्ड्याचा क्रमांक घालणे हा त्यावर अर्धा उपाय आहे. उरलेला अर्धा म्हणजे नाही म्हणता येणे, आणि ते एजंटाच्या तोंडून वदवलेले बरे.

पानांचा हिशेब ढोबळ असतो : एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट. तो जमावा म्हणून बारा पॉइंटचा कुरियर टाइप, ज्यात प्रत्येक अक्षर सारखीच जागा घेते. जाहिराती वजा जाता अमेरिकी नेटवर्कवरचा ‘एक तासाचा’ भाग ४२ ते ४४ मिनिटांचा उरतो. सुरुवातीला दोन-तीन पानांचा टीझर, म्हणजे उत्सुकता लावणारा तुकडा, मग चार किंवा पाच अंक, आणि प्रत्येक अंक अशा क्षणी तोडायचा, की माणूस जाहिराती संपेपर्यंत चॅनल बदलणार नाही. स्ट्रीमिंगवर ही सक्ती गेली. अनेक भाग सैल झाले ते त्यामुळेच, असे माझे मत.

विज्ञानमालिकेचे वेगळेपण दिसते ते खर्चाच्या तक्त्यात. एक भाग साधारण सात-आठ दिवसांत चित्रित होतो. यानाचा नियंत्रणकक्ष, दवाखाना, यंत्रघर हे कायमचे सेट. त्यांचा खर्च आधीच झालेला असतो. त्यामुळे हंगामात एखादा भाग पूर्णपणे त्याच सेटवर घडवतात आणि वाचलेले पैसे मोठ्या भागाकडे वळवतात. नवा सेट एखादाच मिळेल, असे धरून लिहावे. ‘क्षितिजावर हजार यानांचा ताफा प्रकटतो’ हे वाक्य लिहायला दहा सेकंद लागतात, पण व्हीएफएक्सवाल्यांचे, म्हणजे संगणकावर दृश्ये घडवणाऱ्यांचे, महिन्याचे गणित त्याने कोलमडते. अनुभवी लेखक ताफा दाखवत नाही. पडद्यावर ठिपके वाढताना दाखवतो आणि ते मोजता मोजता थांबलेल्या अधिकाऱ्याचा चेहरा. साठच्या दशकातल्या मूळ ‘स्टार ट्रेक’मध्ये माणसे किरणांतून ग्रहावर उतरतात, त्यामागेही हेच कारण होते. दर भागात यान जमिनीवर उतरवून दाखवणे परवडणारे नव्हते. परग्रहवासी पात्राला पूर्ण चेहऱ्याची रंगभूषा असेल तर नट कॅमेऱ्यासमोर येण्याआधी काही तास खुर्चीत अडकतो आणि त्याचे कामाचे तास तिथूनच मोजले जातात. अशा पात्राचे प्रसंग भागभर विखुरले तर चित्रीकरणाचे वेळापत्रक करणारा हात जोडतो. तेच प्रसंग दोन-तीन ठिकाणी एकत्र आणले तर सगळे दोन दिवसांत उरकते. म्हणून पहिला खर्डा पाठवण्याआधी नवे सेट, बोलणारे पाहुणे, व्हीएफएक्सचे शॉट आणि रात्रीची बाहेरची दृश्ये मोजून टाकावीत. पटकथा नापास व्हायला यातला एक आकडाही पुरतो.

आता विज्ञान. लेखात ‘भौतिकशास्त्राची पदवी उपयोगी’ असे म्हटले आहे. असली तर उत्तमच. पण टीव्हीवर लागणारे विज्ञान बहुतेकदा गोष्टीला अडथळा पुरवण्यासाठी असते. मंगळाचेच घ्या. तिथून पृथ्वीवर संदेश पोचायला ग्रहांच्या स्थानानुसार सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. म्हणजे मंगळावरच्या बायकोने पृथ्वीवरच्या नवऱ्याशी फोनवर भांडणे अशक्य. आळशी लेखक हा नियम विसरतो. चांगला लेखक बायकोचे ‘मी आत जाते आहे’ हे वाक्य पृथ्वीवर पोचेपर्यंत ती आत जाऊन वीस मिनिटे झालेली असतात, हे धरून प्रसंग बांधतो. गोल फिरणारे अंतराळस्थानक दाखवायचे आणि मिनिटाला दोन फेऱ्यांत पृथ्वीइतके वजन जाणवायला हवे असेल तर त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते. पाचपन्नास मीटरच्या चाकात पात्रे आरामात चालताना दाखवली तर जाणकार प्रेक्षक हसतो. निर्वात अवकाशात माणूस फुटत नाही, पण दहा-पंधरा सेकंदांत शुद्ध हरपते. दरवाजा उघडायला बारा सेकंद लागतात, एवढे कळले तरी अंकाचा शेवट हाती येतो.

उलट ज्या शब्दजंजाळाला लोक विज्ञान समजतात, ते लेखक स्वतः लिहितही नाहीत. ‘नेक्स्ट जनरेशन’च्या लेखनविभागात संवादांत त्या जागी नुसते ‘टेक’ असे लिहीत आणि विज्ञान सल्लागार नंतर गाळलेल्या जागा भरत. ही पद्धत चालते, कारण त्या शब्दांवर गोष्ट टांगलेली नसते. जिथे टांगलेली असते, म्हणजे शेवटच्या अंकात कुणीतरी एक खटका उलटा दाबतो आणि संकट टळते, तिथे भाग पडतो. निदान तो खटका दाबल्याने काय कायमचे गमवावे लागणार, हे तरी दुसऱ्या अंकात सांगितलेले हवे.

दुसरा खर्डा दिल्यावर मुक्त लेखकाचे काम बहुधा संपते. पटकथेचे संपत नाही. ती चित्रीकरणाला गेली की दृश्यक्रमांक कायम होतात आणि पुढचा प्रत्येक बदल वेगळ्या रंगाच्या पानावर येतो : पांढऱ्यानंतर निळे, गुलाबी, पिवळे, हिरवे, असे पुढे. बदललेल्या ओळीसमोर उजव्या समासात तारकाचिन्ह (*) असते. काढून टाकलेल्या दृश्याचा क्रमांकही राहतो आणि तिथे ‘वगळले’ एवढेच असते, म्हणजे बाकीच्यांचे क्रमांक सरकत नाहीत. अखेरची प्रत पंचरंगी होऊन येते तेव्हा तिच्यात मूळ लेखकाचे नेमके काय उरले, हा प्रश्न भावनेचा राहत नाही, पैशाचा होतो.

कारण श्रेय म्हणजे मानधनाची पुढची सगळी साखळी. पुनःप्रक्षेपणाचा मोबदला श्रेयावर ठरतो : गोष्टीच्या श्रेयाला पाव हिस्सा, पटकथेच्या श्रेयाला पाऊण. दोन नावांमध्ये ‘अँड’चे चिन्ह (&) असेल तर ती जोडी एक लेखक मानली जाते, तोच शब्द अक्षरी लिहिला असेल तर दोघे स्वतंत्र. चित्रीकरणानंतर संस्था प्रस्तावित श्रेयाची नोटीस शेवटच्या पटकथेसह सगळ्या लेखकांना पाठवते. हरकत घ्यायला मोजकेच दिवस असतात. त्या दिवसांत ईमेल न पाहणाऱ्याचा हक्क गेला. हरकत घेतली तर गिल्डचे तीन सदस्य सगळे खर्डे वाचून निर्णय देतात. त्यांच्यापुढे लेखकांची नावे नसतात, नुसते ‘लेखक ए’, ‘लेखक बी’. म्हणूनच तारखा घातलेले खर्डे जपायचे.

एप्रिल १९६७ मध्ये प्रक्षेपित झालेला ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’ हा मूळ ‘स्टार ट्रेक’चा भाग याचे ठळक उदाहरण. एलिसन यांची पटकथा खर्चाच्या बाहेर गेली, म्हणून आतल्या अनेकांनी तिच्यावरून हात फिरवला. एलिसन इतके चिडले, की त्यांनी टोपणनाव लावायची मागणी केली. ती मान्य झाली नाही आणि पडद्यावर श्रेय एकट्या त्यांचेच राहिले. पुढे रायटर्स गिल्डचा पुरस्कार त्यांच्या मूळ खर्ड्याला मिळाला आणि विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार प्रक्षेपित भागाला. दोन्ही कागद आपापल्या जागी चांगले होते, असेच म्हणावे लागते.

मिळकतीतून वजावट किती? एजंटाचे १० टक्के, करार पाहणाऱ्या वकिलाचे बहुधा ५, मॅनेजर ठेवला तर त्याचे आणखी १० किंवा जास्त. गिल्डची वर्गणी कमाईच्या दीड टक्का आणि तिमाहीला २५ डॉलर, प्रवेशशुल्क पश्चिम विभागात २,५०० डॉलर. गिल्डचा आरोग्यविमा मिळायला ठराविक किमान कमाई सलग चार तिमाहींत दिसावी लागते. वर्षाआड भाग मिळणाऱ्याचा विमा तिथेच तुटतो. अनेक जण टीव्हीच्या जोडीला कादंबऱ्या, गेम्स, अ‍ॅनिमेशन करतात ते हौसेने नाही. अ‍ॅनिमेशनचे पुष्कळसे काम वेगळ्या युनियनखाली येते आणि तिथे लेखकाला व्यक्तिशः पुनःप्रक्षेपणाचा मोबदला नसतो, हे सही करण्याआधी ठाऊक असावे.

मालकीचा मुद्दा तर लेखात आलाच नाही. अमेरिकेत नेमून दिलेले लेखन संस्थेच्या मालकीचे. तुम्ही निर्माण केलेले नवे पात्र पुढच्या भागांत वापरले तर गिल्डच्या करारानुसार दर वेळी थोडी रक्कम मिळते, इतकेच. ब्रिटनमध्ये चित्र वेगळे होते. १९६३ मध्ये बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानमालिकेसाठी मुक्त लेखक टेरी नेशन यांनी डालेक ही यंत्रकवचातली खलपात्रे लिहिली. डालेकांना आकार दिला रेमंड क्यूसिक या बीबीसीच्या पगारी डिझायनरने. डालेकची खेळणी धडाक्याने खपली तेव्हा नेशन यांना हक्कातला वाटा मिळाला, क्यूसिक यांची बोळवण खुशीच्या बक्षिसावर झाली. २००५ मध्ये मालिका नव्याने सुरू झाली तेव्हाही डालेक आणण्याआधी नेशन यांच्या वारसांशी बोलणी करावी लागली. मुक्त असण्याचा फायदा सांगायचा तर हे उदाहरण द्यायला हवे होते.

आजची स्थिती थोडक्यात. हंगाम बावीस-सव्वीस भागांचे होते तेव्हा आतल्या, म्हणजे मालिकेच्या पगारी, लेखकांना सगळे भाग लिहिणे झेपत नसे आणि बाहेरच्यांना भाग मिळत. आता हंगाम आठ-दहा भागांचे, आणि ते आतलेच लिहितात. २०२३ मध्ये २ मे ते २७ सप्टेंबर असा गिल्डच्या लेखकांचा १४८ दिवसांचा संप झाला. त्यानंतरच्या करारात भागांच्या संख्येनुसार किमान लेखक ठरले : सहा भागांपर्यंत तीन, सात ते बारा भागांना पाच, तेरा आणि पुढे सहा. एकाच लेखकाने सगळे भाग लिहिले तर सूट. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्राने लिहिलेला मजकूर करारातले ‘साहित्य’ धरला जाणार नाही आणि असा मजकूर लेखकाच्या हाती दिला तर तसे सांगावे लागेल, हेही ठरले. याने आतल्यांची नोकरी जरा पक्की झाली. बाहेर उभ्या असलेल्याचे दार मात्र तेवढेच अरुंद आहे. म्हणून आज मुक्त लेखक म्हणजे बहुधा काही आठवड्यांच्या बोलीवर लेखकांच्या चमूत बसणारा आणि मधल्या काळात पुढचा नमुना लिहिणारा माणूस.

शेवटी एक विनंती. आपल्या शुक्रवारच्या स्ट्रीमिंग सदरात दिग्दर्शक, नट आणि प्लॅटफॉर्म यांची नावे असतात, त्या भागाच्या लेखकाचे नाव नसते. भागाविषयी लिहिताना ते छापावे. गोष्ट एकाची आणि पटकथा दुसऱ्याची असेल तर दोघांचीही, पडद्यावर येतात त्याच क्रमाने. सुरुवातीच्या किंवा शेवटच्या श्रेयनामावलीत ती असतातच, उतरवून घ्यायला अर्धे मिनिट लागेल.

आपला,
एक नियमित वाचक व पटकथालेखनाचा अभ्यासक